हद्दीबाहेरची मोजणी

मुरुडचे शिवलिंगअप्पा बिराजदार चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजत हिंडले. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागले ते लोह्याला, तिथून किनवट, मग परत लोहा आणि शेवटची काही वर्षं लातूर. लोक तोंडावर 'मोजणीवाले साहेब' म्हणत आणि पाठीमागं 'खुंटी'. कारण अप्पांनी हद्दीची खुंटी एकदा ठोकली की मोठ्या माणसाचा फोन आला तरी ती हलायची नाही. भावाभावांचा बांध मोजायला गेलेल्या माणसानं कुणाच्या घरचा चहा प्यायचा नसतो. ज्याचा प्याला त्याच्या बाजूनं मोजलं, असं दुसरा म्हणतोच. अप्पा घरून भाकरी आणि पाणी नेत आणि भांडणाच्या बांधावरच फडकं सोडून बसत. असा माणूस गावाला आवडत नाही, पण त्याच्यावाचून गावाचं अडतंही.

किनवटच्या जंगलातल्या गावांत वनहक्काचे दावे मोजायचं काम निघालं, तेव्हा कचेरीत हातात धरायचं जीपीएस आलं. पाच माणसांत मिळून एक. अप्पांना दुसऱ्यानं हाताळलेलं यंत्र चालेना. तिसऱ्या महिन्यात त्यांनी हैदराबादहून स्वतःचं मागवलं. साबणाच्या डबीपेक्षा थोडं मोठं, पिवळं-काळं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. डोक्यावर आभाळ मोकळं असलं की त्यात आकडे उमटत, आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठं उभे आहोत त्याचे. कुणी दावेदार कुरकुरला, की अप्पा ते यंत्र त्याच्या तोंडासमोर धरत. "मी खोटा आसंन. हे न्हाई," एवढंच म्हणत आणि पुढं चालू लागत.

एवढं सगळं मोजलं, पण स्वतःचा मुलगा कुठं आहे हे दाखवायची पाळी आली, तेव्हा त्यांच्याजवळ नुसते आकडेच होते.

मुलगा रविकिरण, एकुलता एक. लातूरला दोन वर्षं शिकवणी झाली, दोन्ही वेळा प्रवेश थोडक्यात हुकला, आणि आपल्याकडची कितीतरी पोरं जातात तसा तोही डॉक्टर व्हायला किर्गिझस्तानला गेला. तिसऱ्या वर्षाला होता. दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात, इकडं दुसऱ्या लाटेनं गावंच्या गावं दारं लावून बसली होती तेव्हा, तो एका रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं. वय एकवीस.

फोन आला तो कॉलेजातल्या भारतीय मुलांचं बघणाऱ्या एका गृहस्थांचा. विमानांचा भरवसा नाही, ते म्हणाले. शवागारात ठेवता येईल, पण किती दिवस ते कुणी सांगू शकत नाही. नाही तर इथंच दहन करू. अस्थी मात्र आठ-पंधरा दिवसांत घरी पोचत्या करता येतील. तासाभरात काय ते सांगा.

बिराजदार लिंगायत. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. बसवून, हातात इष्टलिंग देऊन, मातीत ठेवतात. अंगणात भाऊबंद जमले होते, तोंडाला रुमाल बांधून, एकमेकांपासून लांब लांब. जंगमस्वामी फोनवर म्हणाले, "अप्पा, आपल्यात अग्नी न्हाई." सिंधुबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या एकदाच बोलल्या.

"जाळू द्या. पण त्येला घरी येऊ द्या."

अप्पांनी ऐकलं नाही. तासाच्या आत त्यांनी कळवून टाकलं, माती द्या, तिथंच. मग रविकिरणचा मित्र होता, लोह्याचा अंगद, त्याला फोन लावून सगळं समजावून दिलं. खड्डा पाच फूट लांब, पाचच फूट रुंद, सहा फूट खोल. कसं बसवायचं, हातात काय द्यायचं, विभूती कुठं कुठं लावायची. पोरं खणत होती तितका वेळ अप्पा फोनवर होते आणि कुणाला मोजणी समजावून द्यावी अशा आवाजात बोलत होते. शेवटी म्हणाले, "आता त्येच्या डोक्यापाशी उभा ऱ्हा आन् फोनवर येतील ते आकडे मला पाठव." अंगदनं पाठवले. अप्पांनी ते डायरीत उतरवून घेतले, खाली तारीख घातली आणि सही केली.

"राख तरी मांडीवर घेऊन बसले आसते," सिंधुबाई पुढच्या आठवड्यात म्हणाल्या. त्यानंतर चार वर्षं ह्या विषयावर त्यांनी शब्द काढला नाही. बाकी सगळं बोलत. भाकरी वाढत, गोळ्यांची आठवण करत, सोयाबीनच्या भावाचं विचारत. पण अप्पा ओसरीवर बसले की त्या आत जात, आणि अप्पा आत आले की त्यांना परसात काहीतरी काम निघे. एकदा कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं, असं अप्पांना कितीदा वाटलं. पण भांडायला समोर बसावं लागतं, आणि सिंधुबाई समोर बसतच नव्हत्या.

निवृत्त झाले त्या दिवशी अप्पांनी हार-नारळ घरी आणून कोनाड्यात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्टचा अर्ज भरला.

अंगद आता डॉक्टर होऊन नांदेडला एका दवाखान्यात लागला होता. तो एका रविवारी मुद्दाम मुरुडला आला, बॅग भरून द्यायला. अप्पांनी पलंगावर सामान मांडून ठेवलं होतं: ते जीपीएस, सुट्या सेलची डबी, होकायंत्र, पोलादी टेप, लोखंडी खुंट्या चार.

"अप्पा, आता फोनमधीच समदं येतंय. हे डबडं कशाला वागवताव?"

"तिकडं थंडीत फोन मरत्यात म्हून तूच सांगितलं होतंस."

अंगदला ते आठवलं. मग तोही चटई ओढून बसला आणि एकेक सांगू लागला. काही देशांत जीपीएस घेऊन आलेलं चालत नाही, काही ठिकाणी आधी सांगावं लागतं. सॅटेलाइट फोन असेल तर थेट आतच घालतात. अप्पांचं यंत्र नुसतं आभाळातलं ऐकणारं आहे, बोलणारं नाही, तरी लपवायचं नाही, विचारलं की दाखवायचं. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत घातली तर विमानतळावर बॅग उघडायला लावतात. तिकडं भिंतीतली भोकं गोल आणि मोठी असतात, त्याची पिन वेगळी. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवायचा, म्हणजे नेट नसलं तरी चालतो. अप्पा सगळं डायरीत लिहून घेत होते.

मग त्यांनी आत जाऊन एक कागद आणला. चौतीस वर्षांची सरकारी सवय, ती काय एका हारानं जाते? 'प्रति, मा. सीमाशुल्क अधिकारी साहेब. विषय: मोजणीचे यंत्र सोबत आणण्याबाबत.' सुवाच्य अक्षरात मराठीतून अर्ज, खाली 'सोबत' म्हणून तीन कागद जोडलेले. यंत्राची पावती. निवृत्तीचा आदेश. अंगदला हसू आवरेना. मग त्यानं तिसरा कागद उलटला. तो रविकिरणच्या मृत्यूचा दाखला होता, तिथल्या लिपीतला, तिथल्या शिक्क्याचा. अंगद पाणी प्यायला उठून गेला आणि बऱ्याच वेळानं आला. अर्जाचं इंग्रजी त्यानंच करून दिलं.

सिंधुबाई दारातून बघत होत्या. सगळे उठल्यावर त्यांनी विभूतीची पुडी आणि वाळवलेल्या बेलाच्या पानांची पुरचुंडी बॅगेच्या कोपऱ्यात सरकवली.

"तू बी चल की," अप्पा म्हणाले.

"म्या कशाला? कुठं हाय त्ये तुमाला तरी ठाव हाय का?" आणि दोन पावलं जाऊन त्या परत वळल्या. "माती-बिती आनू नका. माती घेऊन म्या काय करू."

पोरगा नेमका कुठं आहे, ह्या एका प्रश्नाचं उत्तर आणायला अप्पा निघाले. पोराला बघायला चाललोय, असं ते कुणाला म्हणाले नाहीत. जागा बघून येतो, एवढंच म्हणाले.

यंत्र आणि खुंटी दुसऱ्याच्या स्वाधीन करायची नाही, ही जुनी शिस्त. म्हणून चारही लोखंडी खुंट्या अप्पांनी हातातल्या पिशवीत घातल्या होत्या. मुंबईच्या विमानतळावर तपासणीला त्या टणाटण बाहेर निघाल्या. तिथल्या पोरीनं अप्पांच्या वयाकडं बघून आवाज चढवला नाही, पण खुंट्या टोपलीत टाकल्या. अप्पांनी वाद घातला नाही. एवढ्या वर्षांत त्यांची खुंटी कुणी पहिल्यांदाच उपटली होती.

तिकडं उतरल्यावर मात्र यंत्रावर आलंच. एका तरुण अधिकाऱ्यानं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं जीपीएस काढलं, उलटसुलट केलं, अप्पांना बाजूच्या खोलीत नेलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, हे कशाला? अप्पांनी अर्ज पुढं केला. मराठी पान उलटलं, इंग्रजी पानावर त्याची नजर नुसती फिरली, पावती आणि आदेश त्यानं पाहिलेच नाहीत. शेवटच्या कागदाशी तो थांबला. तो कागद त्याच्याच देशाचा होता, त्याला घडाघडा वाचता येणारा. त्यानं नाव वाचलं, वय वाचलं, मग अप्पांच्या पासपोर्टावरचं नाव वाचलं.

डायरीतले जागेचे आकडे अप्पांनी कागदाच्या पाठीवर उतरवले होते, ते बोटानं दाखवले. अधिकाऱ्यानं ते स्वतःच्या फोनमध्ये घातले. नकाशा सरकत सरकत शहराच्या कडेला एका टेकडीवर थांबला, आणि तिथं काय आहे हे त्याला सांगायची गरज नव्हती. त्यानं वरिष्ठाला बोलावलं, दोघांत काही बोलणं झालं, एका वहीत यंत्राची नोंद झाली आणि अप्पांची सही घेतली गेली. वही दिसल्यावर अप्पांना जरा बरं वाटलं. मग त्या पोरसवदा अधिकाऱ्यानं यंत्र होतं तसंच टॉवेलात नीट गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

बाहेर लुंबिनी उभी होती, एक जाडजूड कोट घेऊन. किनवटची पोर, तिथं चौथ्या वर्षाला शिकत होती. तिचे वडील आश्रमशाळेत मास्तर, अप्पांच्या ओळखीचे. रविकिरणला तिनं कधी पाहिलं नव्हतं. तो गेला त्याच साली, पण काही महिन्यांनी ती इथं आली. तरी तिनं दोन दिवस सुट्टी टाकली होती.

"काका, आज आराम करा. उद्या सकाळी जाऊ."

अप्पांनी आराम केला नाही. खोलीच्या खिडकीशी बसून सेल बदलले, यंत्रात आकडे भरले, परत तपासले, आणि झोपताना यंत्र उशाशी ठेवलं.

सकाळी गेले तर मार्च महिना असूनही घोट्याएवढा बर्फ. टेकडीच्या उतारावर उंच सरळ झाडांच्या ओळी आणि त्यांच्यामध्ये कबरी, काहींना लोखंडी कुंपणं, काहींवर माणसांचे फोटो कोरलेले दगड. परदेशी माणसांना कुठं ठेवलंय असं विचारल्यावर राखणदारानं नुसता हात वर करून टेकडीची मागची बाजू दाखवली. मागं गोरगरिबांच्या आणि परक्यांच्या जागा, तिथं दगड नव्हते, एखाददुसरं कुंपण तेवढं. बर्फाखाली नुसते उंचवटे होते, एकासारखा एक. मुलांनी नावाची फळी लावली होती, असं अंगद म्हणाला होता. तिचा पत्ता नव्हता.

लुंबिनीनं फोन काढला. नकाशावरचा निळा ठिपका एकदा ह्या झाडाखाली, एकदा त्या झाडाखाली उड्या मारत राहिला आणि पाचव्या मिनिटाला फोन थंडीनं बंद पडला.

"ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले आणि त्यांनी टॉवेल सोडला.

यंत्र हातात आलं तसा अप्पांचा पाय स्थिर झाला. ते न हलता उभे राहिले. आभाळात उपग्रह सापडू लागले, चार, पाच, सात. मग बाणाच्या दिशेनं ते चालू लागले, किनवटच्या जंगलात चालत तसेच, खाली न बघता. एका उंचवट्याशी यंत्र वाजलं. पोचलात, असा त्याचा अर्थ.

आता इथं अप्पांची चूक झाली, आणि ती दुसऱ्या कुणाची झाली असती तर त्यांनी त्याला सोडलं नसतं. अंगदच्या आकड्यांत दशांशापुढं चारच अंक होते. चौथा अंक एकानं इकडचा तिकडं झाला की जमिनीवर दहा-अकरा मीटर सरकतात. अप्पांनी हे नव्या पोरांना शिकवलं होतं. यंत्राची स्वतःची चूक तीन-चार मीटरची, ती वेगळीच. तेवढ्या जागेत बर्फाखाली पाच उंचवटे होते. पण आपल्याला जे हवं असतं तेच यंत्र म्हणालं की माणूस पुढचं विचारत नाही. अप्पा गुडघ्यावर बसले, हातानं बर्फ बाजूला केला, मातीवर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि बेलाची पानं वाहू लागले.

"न्येत, न्येत."

वरच्या वाटेनं एक म्हातारी येत होती. डोक्याला लोकरी रुमाल, एका हातात लहान फावडं, दुसऱ्या हातात थर्मास. ती जवळ आली, अप्पांकडं बघून नाही, नाही अशी मान हलवत लुंबिनीशी भराभर बोलू लागली.

"काका," लुंबिनी म्हणाली, "ती म्हनते, तुमच्या देशाचं पोर हितं न्हाई. ही कुण्या दुसऱ्याच बाईची जागा हाय."

अप्पा उठले. त्यांनी यंत्र म्हातारीच्या तोंडासमोर धरलं. "तिला सांग, हे खोटं बोलत न्हाई."

म्हातारीनं यंत्राकडं पाहिलंसुद्धा नाही. हातमोज्यातला हात अप्पांच्या मनगटावर ठेवून तिनं तो हळूच खाली केला. मग ती सांगू लागली, आणि लुंबिनी एकेक वाक्य मराठीत करत गेली.

ह्या मुलाच्या दोनच दिवस आधी तिच्या नवऱ्याला इथं ठेवलं होतं. ते निळं कुंपण दिसतंय तिथं. त्या दिवसांत ती सकाळपासून येऊन बसायची. सात-आठ परदेशी मुलं आली आणि नवऱ्याच्या शेजारी खणू लागली. खड्डा लांबट नव्हता, चौकोनी होता, आणि ती खणतच राहिली. तिला वाटलं, पोरं विहीर खणतायत की काय. मग एक जण बूट काढून आत उतरला आणि त्यांनी त्या मुलाला बसवलं. बसवलं, असं म्हातारी दोनदा म्हणाली. बसून मातीत जाणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता, म्हणून ती जागा ती विसरणं शक्य नाही. मुलं रडत होती. आणि फोनवरून कुणीतरी त्यांना सांगत होतं, असं करा, तसं करा.

म्हातारी पुढं आणखी एक वाक्य बोलली. लुंबिनी थांबली.

"सांग," अप्पा म्हणाले.

"म्हनते, फोनवरचा मानूस तेवढा रडत नव्हता."

अप्पांनी निळ्या कुंपणाकडं पाहिलं. मग म्हणाले, "तिला सांग, त्यो मीच."

लुंबिनीनं सांगितलं. म्हातारीनं अप्पांकडं नीट पाहिलं आणि फावड्यानं वाट करत तीन पावलं पुढं गेली. निळ्या कुंपणाला लागून एक उंचवटा होता, बाकीच्यांपेक्षा आखूड आणि रुंद. तिनं वरचा बर्फ सारला. खाली मागच्या साली ओळीत लावलेल्या फुलझाडांच्या वाळलेल्या काटक्या होत्या. नवऱ्यासाठी बी आणते, ती म्हणाली, त्यातलं ह्यालाही टाकते. उन्हाळ्यात दोघांना पाणी घालते. शेजारी आहे तो.

मोजणीचा कायदा सांगतो की लगतच्या खातेदारांना नोटीस दिल्याशिवाय मोजणी करायची नाही. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, ज्याची जमीन शेजारी त्याला समोर उभं करायचं आणि सही घ्यायची. अप्पांनी त्या सह्या हजारदा घेतल्या होत्या. पण सही घेणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. लोह्याकडच्या एका गावात सगुणाबाई म्हणून एक बाई बांधावर आडवी पडली होती. साहेब, जुना दगड तीन पावलं पलीकडं होता, माझ्या सासऱ्यानं दाखवलेला, म्हणत होती. अप्पांनी तिला यंत्र दाखवलं होतं आणि पोलिसांकरवी उठवलं होतं. ती खरी होती की खोटी, हे आता कळायचं नाही. आता ह्या टेकडीवर उभं राहून त्यांना ती पहिल्यांदा आठवली, आणि आपण तिला एकही प्रश्न विचारला नव्हता हेही आठवलं.

त्यांनी यंत्र बंद करून पिशवीत टाकलं.

पहिल्या उंचवट्यावर वाहिलेली पानं त्यांनी उचलली नाहीत. असू दे त्या माउलीलाही, असं पुटपुटले. उरलेली घेऊन ते निळ्या कुंपणापाशी आले, मातीला विभूती लावली, पानं ठेवली आणि दोन्ही तळहात त्या वाळल्या काटक्यांच्या मध्ये जमिनीवर टेकले. मग शिवलिंगअप्पा बिराजदार रडले. चार वर्षांचं तुंबलेलं रडू, हुंदक्यांनी अंग हलत होतं आणि तोंडातून "रवी, रवी" एवढाच शब्द निघत होता. लुंबिनी पाठ फिरवून उभी राहिली, तिचेही डोळे वाहत होते. म्हातारी मात्र पाठ न फिरवता तिथंच थांबली. अप्पा शांत झाल्यावर तिनं थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि पुढं केला. बिनदुधाचा, कडक. अप्पांनी तो घेतला आणि बसूनच, घोट घोट, संपवला.

जाण्याआधी त्यांनी पोलादी टेप काढली. कुंपणाच्या दोन कोपऱ्यांपासून उंचवट्याच्या मध्यापर्यंतची अंतरं मोजली, जुन्या पद्धतीनं. टेपचं दुसरं टोक म्हातारीनं धरलं. डायरीत आकृती काढून त्यांनी अंतरं लिहिली, आणि शेजारच्या जागी म्हातारीच्या नवऱ्याचं आणि तिचं, दोघांची नावं लुंबिनीकडून विचारून, एकेक अक्षर जुळवत लिहिली.

मुरुडला परतले ते भर दुपारी. सिंधुबाई ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होत्या. अप्पा समोर बसले. सवयीनं त्या उठू लागल्या, पण अप्पांनी डायरी उघडून जमिनीवर ठेवली, तशा थांबल्या.

"घावला?"

"घावला."

"कशावरनं?"

आकडे सांगायला अप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. यंत्र वाजलं ती जागा चुकीची होती, हेही. म्हातारीनं हात खाली केला, ते. विहिरीसारखा खड्डा, बूट काढून आत उतरलेलं पोर. आणि म्हातारीचं ते शेवटचं वाक्य, फोनवरचा माणूस रडत नव्हता, तेही त्यांनी वगळलं नाही. बायकोच्या तोंडाकडं बघून त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं.

सिंधुबाईंच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"एकलाच हाय का त्यो तिथं?"

"न्हाई. शेजारी तिचा मालक हाय, ह्या अंगाला." अप्पांनी आकृतीवर बोट ठेवलं. "आठवड्याला येती ती. फुलाचं बी आणती, त्यातलं आपल्या पोराला बी टाकती. उन्हाळ्यात दोघांला पाणी घालती."

"पाणी घालती?"

"हाव. चार वर्सं झालं."

सिंधुबाईंनी डायरी उचलून मांडीवर घेतली. वाचता येत असूनही त्यांनी ती वाचली नाही, त्या आकृतीवर नुसता हात ठेवून बसल्या. सुपातली डाळ तशीच राहिली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं ते त्यांनी पुसलं नाही, आणि उठून आतही गेल्या नाहीत.

"माझंच चुकलं म्हून रोज वाटतंय गं," अप्पा म्हणाले. "तू म्हनली होतीस जाळू द्या. म्या ऐकलं न्हाई."

सिंधुबाईंनी मान हलवली.

"जाळलं आसतं," त्या म्हणाल्या, "तर तिनं पाणी कशावर घातलं आसतं?"